आईचा चौदा फेब्रुवारी

हरभरा काढणीला आला की माझ्या मनात संशय जागा होतो. कुणाचा आणि कशाबद्दल, ते आता नीट सांगता येणार नाही, पण हवाच तशी असते. सकाळी शाल लागते, दुपारी पंखा लागतो. वावरात उपटलेल्या हरभऱ्याचे ढीग पडलेले असतात, वाशिम रस्त्यावरचे पळस पानं टाकून लाल व्हायला लागलेले असतात, आणि मालेगावच्या स्टेशनरीच्या दुकानांत परीक्षेच्या पॅडांशेजारी बदामाच्या आकाराचे लाल फुगे टांगलेले असतात. परवा मी लाल पेनची रिफिल घ्यायला गेले, तर दुकानातली मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, गुलाब पाह्यजे का? ताजे आलेत." मी तिच्याकडे असं काही पाहिलं की बिचारीनं मान खाली घातली. घरी येताना माझी मलाच लाज वाटली. इतकं सगळं होऊन गेलं, तरी माझी नजर काही बदलली नाही.

मी इथल्या एका शाळेत इतिहास शिकवते. नाव सुजाता. माझं लग्न तीन वर्षांत मोडलं, आणि ते मोडणार आहे हे मला नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात सापडलेल्या एका शुभेच्छापत्रावरून कळलं होतं. त्यावरही असाच लाल बदाम होता. "ऑफिसात सगळ्यायलेच वाटले," तो म्हणाला होता, आणि मी वर्षभर ते खरं मानलं होतं. नंतर त्याचं दुसरं घर उघडकीला आलं आणि मी आईकडे परत आले. तेव्हापासून चौदा फेब्रुवारी या तारखेवर माझा डोळा आहे. पोलिसाचा असतो तसा.

आई म्हणजे विमल. सरकारी दवाखान्यात नर्स होती. निळ्या पट्ट्याचा लसींचा डबा खांद्याला अडकवून खेडोपाडी, तांड्यातांड्यांवर फिरण्यात तिची तीस वर्षं गेली. मी आठवीत असताना बाबा गेले. तेव्हापासून तिनं फिक्या रंगाशिवाय लुगडं घेतलं नाही. पौर्णिमेला विहारात जायची, रोज भाकरी टाकायची आणि सातच्या बातम्या पाहायची. मला वाटायचं, हीच आई, एवढीच आई.

आणि मग तो फेब्रुवारी आला. चार वर्षं झाली त्याला.

सुरुवात एका साडीनं झाली. बाजारातून आई पोपटी रंगाची साडी घेऊन आली. "काहून? म्हातारीनं घालू नाही का?" मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली. त्यानंतर मला एकेक गोष्ट दिसायला लागली. आरशासमोर ती जास्त वेळ उभी राहते. फोन वाजला की अंगणात जाते. दर मंगळवारी तिला काहीतरी काम निघतं. एकदा ती चुलीपुढे बसून गुणगुणत होती आणि मी आल्याबरोबर थांबली. कुणी मला बघून गाणं थांबवलं की मी सावध होते. हे मी एका घरात आधी भोगलेलं होतं.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. आमच्या शाळेत चौदा तारखेला आई-वडिलांच्या पूजेचा कार्यक्रम ठरला होता. "मॅडम, तुमी इतिहासाच्या," ते म्हणाले. "या दिवसाचा खरा इतिहास पोरायले सांगा. हे खूळ डोक्यातून निघालं पाह्यजे." मला काम आवडलं. एखाद्याची जुनी फाईल उघडायला मिळावी तसं झालं.

रोज संध्याकाळी मी वाचत बसले आणि जितकं वाचलं तितका संशय वाढत गेला. म्हणे रोममध्ये एक धर्मगुरू होता, राजाची बंदी मोडून तो शिपायांची लग्नं लावायचा, म्हणून त्याला मारलं. म्हणे तुरुंगात असताना त्यानं जेलरच्या मुलीला चिठ्ठी लिहिली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. पण पुढच्या पानावर लिहिलेलं की त्या नावाचे एकाहून जास्त संत होते, कोणता खरा ते ठाऊक नाही, आणि चिठ्ठीची गोष्ट तर फार मागाहून जोडलेली. आणखी कुणी म्हणतं, संताचा आणि प्रेमाचा संबंधच नव्हता, इंग्लंडात लोक समजायचे की या दिवसांत पाखरं जोडीदार निवडतात, त्यातून हे निघालं. म्हणजे जिच्या नावानं जगभर गुलाब विकले जातात त्या गोष्टीला धड जन्मदाखला नाही. मला फार बरं वाटलं.

आई मेथी निवडत बसली होती. तिनंच विषय काढला.

"सुजा, हा चौदा तारखेचा दिवस काढला कोनं?"

मी मान वर केली. "तुला कशाला पाहिजे?"

"तू वाचून राह्यली ना. म्हनून विचारलं."

"कुणालाच नक्की माहीत नाही. दुकानदारांनी मोठा केला. जपानात त्या दिवशी बाया पुरुषांना चॉकलेट देतात आणि पुरुषांनी महिन्याभरानं परत द्यायचं असतं. फिनलंड नावाच्या देशात नवराबायकोचं काही नाही, मित्र-मैत्रिणींचा दिवस असतो. वेल्समध्ये तर दिवसच वेगळा, जानेवारीत. तिथं म्हणे पूर्वी पोरं लाकडाचा चमचा कोरून पोरीला द्यायचे."

"चमचा?" आईचे हात थांबले. "कामाचा तरी हाये. फुलाचं काय करते मानूस?"

"तुला कुणी दिलं का फूल?"

आईनं मेथीची जुडी झटकली. "मले कोन देते वो बाप्पा," ती म्हणाली. पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. त्या दिवशी मी तिच्या साऱ्या उत्तरांची मनात नोंद ठेवायला सुरुवात केली.

"चौदा तारखेला शाळेत ये," मी मुद्दाम म्हटलं. "मुलं पालकांचे पाय धुणार आहेत. मी तुझे धुते."

"नाही. आपन पाय धुवून घेत नाही कोनाकून. अन् मले वाशिमले जायचं हाये, डोळे दाखवाले."

"त्याच दिवशी?"

"डॉक्टर त्याच दिवशी येते."

चौदा तारखेला मी पोरांसमोर उभं राहून भाषण केलं. प्रेमाच्या नावाखाली जे खपवलं जातं त्याच्यापासून सावध राहा, वगैरे. मागे तांब्याची तबकं, हळदीकुंकू, रांगेत बसलेले संकोचलेले आईबाप. एक बाप तर पाय मागे मागे घेत होता, कारण त्याच्या टाचांना भेगा होत्या. टाळ्या झाल्या. खाली उतरले तर माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई जवळ आली आणि सहज म्हणाली, "विमलबाई नाही आल्या? सकाळी शिरपूरच्या गाडीत बसतानी दिसल्या होत्या."

वाशिम एका दिशेला, शिरपूर दुसऱ्या. मी मुख्याध्यापकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि स्कूटी काढली.

त्या रस्त्याचं मला आजही सगळं आठवतं. दोन्हीकडे कापलेली तूर, तिच्या तुऱ्हाट्यांच्या पेंढ्या, कुठेतरी मळणीयंत्राची घरघर आणि तोंडावर येणारा भुसा. मी गाडी चालवत होते आणि मनातल्या मनात आईशी भांडत होते. खरं सांगायचं तर मी आईशी भांडतच नव्हते. मी त्या शर्टाच्या खिशाशी भांडत होते.

शिरपुरात जुनं जैन मंदिर आहे. लांबलांबचे यात्रेकरू येतात. अनोळखी माणसं तिथं कुणाला खटकत नाहीत. आईनं जागा हुशारीनं निवडली होती. स्टँडपासून थोडं पुढे कडूनिंबाखाली सिमेंटचा एक बाक आहे. त्यावर पोपटी साडीत माझी आई बसली होती. शेजारी पांढरं धोतर, खाकी शर्ट, डोक्यावर लाल रुमाल गुंडाळलेला एक म्हातारा. दोघांच्या मध्ये कागदावर हुळा होता, म्हणजे काडीकचऱ्याच्या जाळावर टहाळांसकट भाजलेला हिरवा हरभरा. म्हातारा काळ्या झालेल्या बोटांनी घाटा फोडायचा, दाणा काढायचा आणि आईच्या तळहातावर ठेवायचा. आई तो खायची. बोलत कुणीच नव्हतं.

रस्त्यापलीकडच्या झाडाआड स्कूटी लावून मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. हात धरलेले असते, काही चोरटं दिसलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता दाणे सोलत होता. बाबांनी आईला असं काही सोलून दिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला तर कुणीच दिलं नव्हतं. मी तशीच परत फिरले.

आई संध्याकाळी आली. ओठांना काळं लागलेलं होतं.

"काय म्हणाले डोळ्यांचे डॉक्टर?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि खोटं बोलायचं सोडून दिलं. पायऱ्यांवर बसून म्हणाली, "धनसिंग चव्हान नाव हाये त्यायचं. मानोऱ्याकडच्या तांड्यातले. कंडक्टर होते. मी लशीचा डबा घेऊन निंघाली का सावलीतली शीट धरून ठेवत. म्हनत, बाई, तुमी उभ्या राहा, पन डब्याले ऊन लागू नाही. अठरा वर्सं मी त्या गाडीनं गेली. त्यायची बायको वारली. मांगच्या साली वाशिमच्या स्टँडवर भेटलो, तं तिथून बोलतो आमी. बस."

"अन् हे सगळं मला लपवून?"

"तुले सांगतलं असतं तं तुनं काय केलं असतं?"

"या वयात हे शोभतं का, आई? काय पाहिजे त्या माणसाला तुझ्याकडून? कोण आहे, कसा आहे, तुला काय माहीत? एकदा फसलेली आहे मी, मला विचार."

"तू फसली," आई हळू बोलली, "म्हनून मी बी फसलीच पाह्यजे का?"

मी उठून आत गेले. मी पुण्याला मिलिंदला, माझ्या भावाला, फोन केला. त्याला जे सांगितलं त्यात हुळा नव्हता, लसींचा डबा नव्हता. फक्त एक अनोळखी म्हातारा आणि आईचं खोटं बोलणं होतं. मिलिंद रविवारी गाडी घेऊन आला. "हवापालट" असा शब्द त्यानं वापरला. आईनं विरोध केला नाही. पिशवीत चार साड्या भरल्या, पोपटी कपाटातच ठेवली. गाडीत बसताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "गॅसची शेगडी बंद करत जाय." पुण्यात गेल्यावर मिलिंदनं तिच्या फोनमधलं सिमही बदललं. तेही मला ठाऊक होतं. मी अडवलं नाही.

मग परीक्षा सुरू झाल्या. त्या दिवसांत शाळेत एक वेगळीच शांतता असते. दोनशे मुलांची पेनं चालल्याचा आवाज, मध्येच पाण्याची घंटा, खिडकीबाहेर पळसाची फुलं टपटप पडताहेत आणि आम्ही शिक्षक रांगांमधून फिरतोय. कोण कुणाच्या पेपरात बघतंय, कुणाच्या बाहीत काय आहे. तीन तास मी त्या नजरेनं फिरायचे आणि घरी आले की नजर तशीच राहायची, पण बघायला कुणी नसायचं. मी आईचं कपाट उघडून पाहिलं. खोटं कशाला बोलू, पुरावा शोधायला. जुन्या डायऱ्या निघाल्या. कोणत्या गावात किती बाळांना लस दिली, एवढंच. डायऱ्या परत ठेवताना मला पहिल्यांदा कळलं की मी आईला वाचवलं नव्हतं. ती त्या माणसाबरोबर निघून गेली तर या घरात मी एकटी उरेन, ही खरी भीती होती. तिलाच मी काळजी म्हणत होते. आणि एकटी तर मी आताही होतेच, स्वतःच्या हातानं.

होळीला दहाएक दिवस होते. पेपर संपवून घरी आले तर फाटकाबाहेर तो म्हातारा उभा. डोक्यावर तोच लाल रुमाल. मला बघून दोन पावलं मागे सरला.

"बाई बऱ्या हायेत ना?" त्यानं विचारलं.

"बऱ्या आहेत."

"फोन लागत नाही. मले शंका आली का दवाखान्यात बिवाखान्यात असतीन."

"पुण्याला गेल्यात. माझ्या भावाकडे."

"असं असं." त्याचा चेहरा सैल पडला. खरोखरच त्याला एवढंच पाहिजे होतं. "मंग ठीक हाये. चाललो मी."

मी म्हटलं, "पाणी घ्या."

"नाही, गाडी हाये आता वाशिमची." तो वळला, परत थांबला. "एक करजा, मी इचारलं असं त्यायले सांगू नका. त्यायले वाटीन हा मानूस पाठी लागला."

तो गल्लीतून गेला. मी फाटक धरून उभी. इतकी वर्षं मी माणसांच्या तोंडून खोट्याचा वास घेत आले होते. या बोलण्याला तो वास नव्हता. मी आत गेले, बसले, उठले, परत बसले. मग उत्तरपत्रिकेच्या पुरवणीचा एक कोरा कागद फाडून आईचा नवा नंबर लिहिला आणि पायात चपला नीट न घालताच स्टँडकडे पळाले.

गाडी सुटायच्या बेतात होती. तो खिडकीशी बसला होता. तिकीट काढून हातात धरलेलं. मी खिडकीतून कागद आत दिला. "हा नंबर. सकाळी नऊनंतर करा. तेव्हा ती एकटी असते."

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. गाडी हलली तेव्हा म्हणाला, "तुमाले राग नाही ना?"

"आहे," मी म्हटलं. "पण तुमच्यावर नाही."

चौथ्या दिवशी सकाळी ट्रॅव्हल्समधून आई उतरली. मिलिंदशी बरंच वाजलं असावं, पण तिनं ते कधी सांगितलं नाही. चहा घेताना एवढंच म्हणाली, "नंबर तुनं देला म्हनते."

"हो."

"होळीले तांड्यावर बोलावलं हाये. तू बी चाल. दुरून पाहन्यापेक्षा जवळून पाहून घे."

म्हणजे शिरपूरला तिनं मला पाहिलं होतं. झाडाआडची माझी स्कूटी तिला ओळखू आली होती. त्या दिवशी, तो सगळा वेळ, ती माझ्यादेखत दाणे खात होती.

मानोऱ्याच्या पुढे, माळाच्या उतारावर तो तांडा. आम्ही सकाळीच पोचलो. सहा महिने ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच परतली होती आणि बंद घरांची दारं सताड उघडली होती. कुठे भिंती सारवल्या जात होत्या, कुठे पेट्या उन्हात ठेवल्या होत्या. डफावर थाप पडत होती. लेंगी नावाची त्यांची होळीची गाणी असतात. एकीकडे पुरुषांचा घोळका, एकीकडे बायांचा. एकमेकांना चिडवायचं, टोचायचं, मागच्या वर्षभराचं सगळं गाण्यातून काढायचं. मध्येच बाया काठ्या घेऊन पुरुषांच्या मागे धावायच्या आणि पुरुष मार खाऊन हसायचे. सगळं भर उन्हात, सगळ्यांसमोर, आजोबा-नातवंडांच्या देखत. मी तो सोहळा इतिहासाच्या शिक्षिकेच्या डोळ्यांनी पाहत होते आणि मला माझं भाषण आठवत होतं. पोरांना मी रोमपासून जपानपर्यंत फिरवून आणलं. मानोऱ्याला नेलं नव्हतं. हेही कुठून सुरू झालं ते इथं कुणाला ठाऊक नव्हतं. मी दोघा-तिघांना विचारलं. "पह्यलेपासून हाये," म्हणाले, आणि गायला लागले.

धनसिंग काकांना कुणीतरी ओढून मध्ये नेलं. एका म्हातारीनं त्यांच्या पाठीवर काठी हाणली आणि आई, माझी फिक्या साड्यांची आई, पोपटी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. तेही हसत तिच्याजवळ येऊन खाली बसले. मग दोघं बोलायला लागले. काय बोलत होते ते डफाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

मी बाजेवर बसले होते. त्यांची मुलगी लीला बाजूला उभी होती. माझ्याच वयाची, उसाच्या पात्यांनी ओरखडलेले हात, अजून प्रवासाचा थकवा उतरलेला नव्हता. ती मघापासून माझ्याकडे टक लावून पाहत होती. शेवटी म्हणाली, "एक इचारू? राग नका येऊ देऊ."

"विचारा."

"तुमी बापूले मालेगावले घेऊन जासान का?"

"कुणी सांगितलं?"

"कोनी नाही. मलेच तसा संशय हाये. आमी अर्धं साल घरी नसतो. आलो तं बाप दारात दिसला पाह्यजे. आली तवापासून मी त्यायच्या फोनकडंच पाहून राह्यली."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती नजर मी रोज आरशात पाहिलेली होती.

"मले उलटी भीती होती," मी तिच्याच बोलीत म्हटलं. शाळेत शिकवायला लागल्यापासून मी असं बोलायचं विसरूनच गेले होते. "का तुमी आमच्या आईले इथं ठेवून घ्यासान."

ती एकदम हसली, आणि हसता हसताच हात तोंडाशी नेऊन तिनं त्या दोघांना हाक मारली, "ओ बाई! तुमी दोघं राह्यनार कुठं?"

आईनं कानाला हात लावला. "काय?"

"राह्यनार कुठं म्हटलं!"

"आपापल्या घरी!" आई ओरडून म्हणाली. "मंगळवारी भेटतो ना आमी!"

"अन् लग्न?"

"झाले ना दोघाईचे एकएक!" आईनं हात झटकला, जसं काही आम्ही दोघी उगीचच मध्ये मध्ये करत होतो. "आता बोलू दे आमाले!" आणि ती पुन्हा त्यांच्याकडे वळली.

लीलानं बाजेवरची गोधडी सरकवली आणि माझ्याशेजारी बसली.

"आरामशीर बसा ताई," ती म्हणाली. "यायचं काही लवकर आटपत नाही."